चाल लावणारे वसंत देसाई



आपल्या बहुतेक गटांची बैठक प्रार्थनेने सुरू होते. आधी प्रार्थना, मग हजेरी, मग बचत, मग कर्जाचे हप्ते. कुठे मराठी प्रार्थना म्हणतात, कुठे हिंदी. हिंदी म्हणणाऱ्या गटांत दोन प्रार्थना जास्त ऐकू येतात. एक 'दो आँखें बारह हाथ' या सिनेमातली आणि दुसरी 'गुड्डी' सिनेमातली. दोन्ही आपण शाळेच्या मैदानावर ओळीत उभ्या राहून शिकलो, म्हणून अजून तोंडपाठ आहेत. या दोन्ही प्रार्थनांना चाल लावणारा माणूस एकच. आणि तो कुठल्या लांबच्या मुलखातला नाही, आपल्या कुडाळकडचा, सोनवडे गावचा. त्यांचे नाव वसंत देसाई. आजचे भाषण त्यांच्यावर आहे.

गेल्या महिन्यात मी चार गटांत मुद्दाम विचारले, ही प्रार्थना कोणाची? लता मंगेशकरांचे नाव लगेच आले. सिनेमाचे नाव दोघीतिघींना आठवले. चाल कोणाची, हे एकीलाही सांगता आले नाही. यात नवल नाही. गाणाऱ्याचा आवाज कानावर येतो, नटीचा चेहरा डोळ्यांपुढे असतो, पण चाल लावणारा मागेच राहतो. कवी कागदावर शब्द देतो. ते कुठे लांबवायचे, कुठे थांबायचे, कोणते वाद्य कधी वाजायचे, कोणाच्या गळ्यातून ते यायचे, हे सगळे संगीतकार ठरवतो. आपल्याकडे डबलबारीच्या भजनात बुवा अभंग घेतात आणि त्याला चाल बांधतात, तसेच काम, फक्त मोठ्या पसाऱ्यात.

वसंत देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ चा. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. कुडाळचा हा भाग सावंतवाडी संस्थानात होता. रेडिओ नव्हता, बोलपट नव्हता. पण गाणे नव्हते असे कोण म्हणेल? देवळात भजन होते. जत्रेला रात्रभर दशावतार होता, पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीवर. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो आणि गातो. घरात जात्यावरच्या ओव्या होत्या, गणपतीत फुगड्या होत्या, लग्नात सनई होती. ज्या मुलखात गाणे शिकायला शाळा लागत नाही, अशा मुलखात ते वाढले.

१९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम ही तिथली मोठी माणसे. सतरा वर्षांचे वसंत देसाई घाट चढून कोल्हापूरला गेले आणि या कंपनीत शिरले. सिनेमा तेव्हा मुका होता. त्यांनी सुरुवातीला पडद्यावर लहान कामे केली. १९३२ मध्ये प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट काढला. दुर्गा खोटे यांनी त्यात तारामती केली. चांगल्या घरची बाई सिनेमात कशी, अशी चर्चा होण्याचा तो काळ. त्याच बोलपटात वसंत देसाई यांनी गाणे गायले. पुढे प्रभात पुण्याला गेली, तेही गेले. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशा जाणकारांच्या हाताखाली त्यांनी काम केले. वादकांना सूर समजावून देणे, गाणाऱ्यांची तालीम घेणे, पडेल ते काम करणे, यातच त्यांची दहाबारा वर्षे गेली.

मैत्रिणींनो, ही दहाबारा वर्षे लक्षात ठेवा. आपण गटाचा एखादा उद्योग सुरू केला आणि सहा महिन्यांत नफा दिसला नाही की बंद करायला निघतो. हा माणूस इतकी वर्षे दुसऱ्याच्या नावाखाली काम करत होता, आणि करता करता सगळे काम शिकत होता.

१९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळला त्यांनी राजकमल कलामंदिर ही संस्था काढली. वसंत देसाई त्यांच्याबरोबर गेले. राजकमलचा पहिला सिनेमा 'शकुंतला', १९४३ चा. संगीत वसंत देसाई यांचे. सिनेमा खूप चालला आणि त्यांचे नाव झाले. १९४६ मध्ये आला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये युद्धात जखमी झालेल्यांची सेवा करायला गेले आणि तिथेच वारले, त्यांची ही गोष्ट. १९५१ मध्ये 'अमर भूपाळी' आला. होनाजी बाळा या शाहिराच्या जीवनावरचा. त्यातली पहाटेची भूपाळी लता मंगेशकर आणि पंडितराव नगरकर यांनी गायली. आज सत्तर वर्षांनंतरही दिवाळीच्या पहाटे ती लागली नाही तर चुकल्यासारखे वाटते.

१९५३ चा 'श्यामची आई' आपल्यातल्या बहुतेकींनी पाहिला असेल. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे, सिनेमा काढला आचार्य अत्रे यांनी, आई झाल्या वनमाला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला सिनेमा. त्याचे संगीत वसंत देसाई यांचे. कोकणातल्या आईची गोष्ट आणि तिला सूर दिला कोकणातल्याच माणसाने. दहा वर्षांनी, १९६३ मध्ये, 'मोलकरीण' आला. पोटच्या मुलाच्या घरी मोलकरीण होऊन राहणारी आई सुलोचनाबाईंनी केली. पी. सावळाराम यांचे शब्द, आशा भोसले यांचा आवाज आणि वसंत देसाई यांची चाल असलेले त्यातले आईच्या मनातले मागणे ऐकताना अजून डोळ्यांना पदर लागतो.

आता आपल्या प्रार्थनेकडे येऊ. 'दो आँखें बारह हाथ' १९५७ चा. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांसाठी खुल्या तुरुंगाचा प्रयोग झाला होता, त्यावरून ही कथा घेतली आहे. एक जेलर सहा खुनी कैद्यांना माळावर नेतो आणि विश्वासाने माणसात आणतो. या लोकांची प्रार्थना कशी असावी? कवी भरत व्यास यांचे शब्द साधे आहेत. वसंत देसाई यांनी चालही तशीच ठेवली. ती भैरवी रागात आहे. मोठी तान नाही, गळ्याची कसरत नाही. सूर फार वर चढत नाही, फार खाली उतरत नाही. एक ओळ संपली की दम घ्यायला जागा मिळते. पहिली ओळ पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे विसरलेली बाईही तिथे येऊन मिसळते. म्हणून ज्यांना गाता येत नाही त्यांनाही ती म्हणता येते. 'गुड्डी'तली प्रार्थना १९७१ ची. तिचा राग केदार. केदार हा गवयांचा राग, पण तो त्यांनी शाळकरी मुलींच्या तोंडी बसवला.

अवघड काही येत नव्हते म्हणून त्यांनी सोपे केले, असे कोणी समजू नये. १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांच्यासारख्या थोर गवयाकडून गाऊन घेतले. १९५९ च्या 'गूंज उठी शहनाई'त बिस्मिल्ला खाँ यांची सनई आहे. जी सनई आपल्याकडे लग्नात आणि देवळात वाजते, ती साऱ्या सिनेमाभर बोलते. मराठी रंगभूमीवर 'पंडितराज जगन्नाथ' नाटकाचे संगीत त्यांचेच. १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात न्यूयॉर्कला गायन केले. तिथे त्यांनी कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेली जगातल्या मैत्रीची संस्कृत प्रार्थना म्हटली. तिची चालही वसंत देसाई यांचीच. म्हणजे गायिका तमिळ, शब्द संस्कृत आणि चाल कुडाळच्या माणसाची.

आणखी एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. वाणी जयराम ही वेल्लोरची मुलगी बँकेत नोकरी करत होती. लग्न होऊन मुंबईला आली. नवऱ्याने गाण्याला पाठिंबा दिला आणि ती उस्तादांकडे शिकू लागली. त्या काळात नव्या गायिकेला सिनेमात जागा मिळणे सोपे नव्हते. वसंत देसाई यांनी तिला आधी मराठी नाटकाच्या पदात, साक्षात कुमार गंधर्वांबरोबर गायला लावले. ते नाटक 'देव दीनाघरी धावला'. मग 'गुड्डी'तली गाणी दिली. त्यात मियाँ की मल्हार रागातले एक गाणे आहे, ते ऐकून सारा देश ही कोण नवी गायिका म्हणून विचारू लागला. पुढे वाणीबाईंनी कितीतरी भाषांत हजारो गाणी गायली. गुण तिचे, कष्ट तिचे, पण दार कोणीतरी उघडावे लागते. आपल्या गटातही एखादी नवी सून कोपऱ्यात गप्प बसलेली असते. तिला इतिवृत्त वाचायला द्या, बँकेत बोलायला पुढे करा. दार उघडणे म्हणतात ते हेच.

२२ डिसेंबर १९७५ रोजी वसंत देसाई गेले. दिवसभर ध्वनिमुद्रण करून घरी परतले आणि इमारतीच्या लिफ्टमध्ये अपघात झाला. वय त्रेसष्ट. आपला सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, त्यांच्यानंतर सहा वर्षांनी. कदाचित म्हणूनही ते आपले, हे आपल्या मुलांच्या कानावर पडत नाही. किल्ला दाखवायला आपण पाहुण्यांना होडीत बसवून नेतो. त्याच पाहुण्यांना हेही सांगता येईल की तुम्ही शाळेत जी प्रार्थना म्हणता, तिची चाल आमच्याकडच्या माणसाची.

वसंत देसाई यांचे नाव निदान तबकडीवर छापलेले आहे. शोधले तर सापडते. पण आपल्या फुगडीच्या गाण्यांचे काय? जात्यावरच्या ओव्यांचे काय? लग्नात हळदीला म्हणतो त्या गाण्यांचे काय? तीही कोणीतरी रचली, कोणीतरी चाल लावली. ती बाईच असणार. कुठल्या वाडीतली, कोणाची सून, कोणाची आजी, काही ठाऊक नाही. आता गिरण घरोघरी आली, जाती पायरीला लागली. गाणाऱ्या आजी एकेक करून चालल्या आहेत. त्यांच्याबरोबर चालीही जातात, कारण शब्द वहीत उतरतात पण चाल वहीत मावत नाही. ती गळ्यातून गळ्यात जावी लागते, नाहीतर यंत्रात भरून ठेवावी लागते.

यंत्र आज प्रत्येकीच्या हातात आहे. म्हणून माझी एक सूचना आहे. गटाच्या ठराव वहीची शेवटची चार पाने मोकळी ठेवा. गटातल्या आणि वाडीतल्या म्हाताऱ्या बायांना भेटा. कोणते गाणे, कोण म्हणते, ती कोणाकडून शिकली, माहेरचे गाव कोणते, एवढे लिहा. तिला विचारून, तिची हरकत नसेल तर मोबाईलवर तिच्या आवाजात भरून घ्या. घाई करू नका, तिला चहा करून द्या, एका बसण्यात होणार नाही. अशी गाणी आपल्या रेडिओवर लागतील तेव्हा आधी तिचे नाव सांगितले जाईल, मग गाणे.

आणि पुढच्या बैठकीत प्रार्थना झाली की हजेरी घ्यायच्या आधी अध्यक्षांनी एवढेच सांगावे: शब्द भरत व्यास यांचे, चाल सोनवड्याच्या वसंत देसाई यांची. 'गुड्डी'ची म्हणत असाल तर शब्द गुलज़ार यांचे, चाल त्यांचीच. दहा सेकंदांचे काम आहे.