झायनच्या वडीलधाऱ्यांची इतिवृत्ते (प्रोटोकॉल्स)

जगभरच्या ज्यू पुढाऱ्यांनी गुप्त बैठका घेऊन जग ताब्यात घेण्याचा बेत आखला आणि ही त्या बैठकांची टिपणे, असे भासवणारा बनावट दस्तऐवज. मूळ भाषा रशियन, प्रकरणे २४. अशी बैठक कधी झालीच नव्हती.

सेंट पीटर्सबर्गच्या ‘झ्नाम्या’ या वृत्तपत्राने १९०३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा मजकूर प्रथम क्रमशः छापला. संपादक पाव्हेल क्रुशेव्हान. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किशिनेव्ह शहरात ज्यूंची कत्तल झाली होती आणि तिच्याआधी क्रुशेव्हानचेच दुसरे पत्र तिथे ज्यूंविरुद्ध गरळ ओकत होते. १९०५ मध्ये सेर्गेई नीलुस याने आपल्या धार्मिक पुस्तकाला हा मजकूर जोडला. लेखक म्हणून झारच्या गुप्त पोलिसांच्या हस्तकांची नावे घेतली जातात. त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. १९१७ च्या क्रांतीनंतर देशोधडीला लागलेल्या झारनिष्ठांनी तो युरोपभर नेला. राज्य का बुडाले, याचे आयते उत्तर त्यांना त्यात सापडले होते. १९२० मध्ये जर्मन आणि इंग्रजी आवृत्त्या निघाल्या. लंडनच्या ‘टाइम्स’नेही त्या वर्षी मे महिन्यात त्याची गंभीरपणे दखल घेतली, हे त्या पत्राला शोभणारे नव्हते.

पुढच्याच वर्षी ‘टाइम्स’ने ही चूक निस्तरली. कॉन्स्टँटिनोपलचा त्यांचा बातमीदार फिलिप ग्रेव्हज याच्या हाती एका निर्वासित रशियनाकडून शीर्षकपान नसलेले एक जुने फ्रेंच पुस्तक आले. ते होते मॉरिस जोली या वकिलाने १८६४ मध्ये ब्रुसेल्समध्ये छापलेले, मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू यांच्यातील नरकातला संवाद. रोख सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीवर होता आणि त्यापायी जोलीला १५ महिन्यांची कैद झाली. पुस्तकात ज्यूंच्या कटाचा मागमूस नाही. ग्रेव्हजने १६ ते १८ ऑगस्ट १९२१ या तीन दिवशी दोन्हीकडचे उतारे शेजारी शेजारी छापले. मॅकियाव्हेलीची वाक्ये किरकोळ फेरफार करून ज्यू वडीलधाऱ्यांच्या तोंडी घातली होती. पुढे इतिहासकार नॉर्मन कोन यांनी असे १६० हून अधिक उतारे मोजले. एकूण मजकुराचा सुमारे दोन पंचमांश भाग जोलीचा निघाला.

मराठी वाचकाला यातला एक उतारा चटकन पटेल. वृत्तपत्रे मुठीत कशी ठेवावीत हे सांगताना जोलीचा मॅकियाव्हेली आपल्या वृत्तपत्रांना विष्णूची उपमा देतो आणि त्या विष्णूला शंभर हात देतो. आपल्याकडे विष्णू म्हटला की शंख, चक्र, गदा, पद्म धरलेला चतुर्भुज. इतिवृत्तांच्या बाराव्या प्रकरणात ज्यू पुढारीही वृत्तपत्रांविषयीच बोलताना नेमका हाच शंभर हातांचा विष्णू आणतात. जगावर राज्य करू पाहणाऱ्या मंडळींना उपमेसाठी हिंदू दैवत सुचावे आणि त्याचे हातही एका फ्रेंच वकिलाच्या कल्पनेबरहुकूम भरावेत, असा योगायोग होत नसतो. नक्कल करणाऱ्याने मूळ पुस्तकातला ढिसाळपणाही उतरवून घेतला.

बर्नच्या न्यायालयाने मे १९३५ मध्ये हा मजकूर बनावट ठरवला. १९३७ मध्ये अपिलात निकाल फिरला, तो मजकूर खरा ठरला म्हणून नव्हे. अश्लील साहित्याविरुद्धचा कायदा त्याला लागू होत नाही, एवढेच कारण होते. ‘न्यायालयाने खरे ठरवले’ अशी थाप मारणारे हे कारण सोयीस्करपणे गाळतात. अमेरिकेत मोटारसम्राट हेन्री फोर्ड याने आपल्या साप्ताहिकातून हाच माल खपवला आणि १९२७ मध्ये माफी मागितली. हिटलरने ‘माइन काम्फ’मध्ये तर उलटाच न्याय लावला: विरोधी वृत्तपत्र बनावट म्हणते, म्हणजे खरेच असणार. पुरावा उपयोगी पडत नाही तो इथे.

महाराष्ट्रातल्या ज्यूंकडे पाहिले की कटाची कल्पना आणखीच पोकळ वाटते. कोकणातले बेने इस्रायल तेलाच्या घाण्यावर पोट भरत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात ‘शनवार तेली’ म्हणवले जात. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ चे. ठाण्यातले १८७९ चे. घरात मराठी. १९४८ नंतर यांतले हजारो इस्रायलला गेले, तेव्हा जगातल्या सगळ्या ज्यूंना एकाच सूत्राने हलवणारी ती सत्ता त्यांना कुठे भेटली नाही. उलट तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली आणि इतर ज्यूंशी लग्न करताना वंशावळ तपासण्याचा दंडक घातला. बेने इस्रायलांनी त्याविरुद्ध धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायल सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि धर्मपीठाला आपला दंडक मागे घ्यावा लागला.