दर ६९ तासांनी मंदावणारा तारा: १८ वर्षांच्या कर्णबधिर मुलाने कसं सोडवलं अल्गोलचं कोडं?

ययाती तारकासमूहातला अल्गोल हिवाळ्यात महाराष्ट्रातून नुसत्या डोळ्यांनी सहज दिसतो. डिसेंबरच्या रात्री ९ च्या सुमारास उत्तरेकडे उंचावर पाहा. पण जवळपास दर ६९ तासांनी तो मंदावू लागतो. पाचेक तासांत त्याचा जेमतेम एक तृतीयांश प्रकाश उरतो आणि पुढच्या पाच तासांत तो पुन्हा पहिल्यासारखा होतो.

नोव्हेंबर १७८२ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जॉन गुडरिकने हे पाहिलं. तो लहानपणापासून कर्णबधिर होता आणि तेव्हा १८ वर्षांचा होता. प्रकाश मोजायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. मग त्याने मोजलं कसं? अल्गोलची शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून. हा ताऱ्यापेक्षा उजळ, त्यापेक्षा मंद, अशी नोंद वेळेसह, रात्रीमागून रात्र.

त्यातून २ दिवस २० तास ४९ मिनिटांचं चक्र हाती आलं. आजचा आकडाही जवळपास तोच आहे! अल्गोलभोवती एखादी काळी वस्तू फिरत असावी आणि ती त्याला झाकत असावी, असं गुडरिकने १७८३ मध्ये सुचवलं. रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ले पदक दिलं. १७८६ मध्ये, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी तो गेला. त्याच्या कल्पनेला पक्का पुरावा मिळाला तो १८८९ मध्ये. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांना वर्णपटात दिसलं, की ग्रहणाआधी तारा आपल्यापासून दूर जातो आणि ग्रहणानंतर जवळ येतो. म्हणजे तो जोडीदारासोबत फिरतोय.

ताऱ्याची तेजस्विता 'प्रती'त मोजतात. आकडा मोठा, तारा मंद. अल्गोल २.१ वरून ३.४ पर्यंत उतरतो. सरावलेली नजर साधारण ०.१ प्रतीचा फरक ओळखते. त्यामुळे एक गोष्ट गुडरिकला दिसणं शक्यच नव्हतं: दोन मोठ्या ग्रहणांच्या मधोमध आणखी एक, फक्त ०.०६ प्रतीचं छोटं ग्रहण होतं. ते १९१० मध्ये अमेरिकेच्या जोएल स्टेबिन्स यांनी सेलेनियमच्या प्रकाशमापकाने पकडलं. यावेळी तेजस्वी तारा पुढे येऊन जोडीदाराला झाकतो. त्यानेही प्रकाश घटतो, म्हणजे जोडीदार काळा नाही. तोही तारा आहे, फक्त थंड आणि मंद. आकाराने मात्र तो तेजस्वी ताऱ्याहून मोठा आहे.

आज हौशी निरीक्षक कॅमेऱ्यानेही असं मोजमाप करतात, पण युक्ती गुडरिकचीच. एकाच फोटोत अल्गोल आणि न बदलणारा शेजारी तारा घ्यायचा. विरळ ढग किंवा धुरकट हवा दोघांनाही जवळपास सारखंच मंद करते, त्यामुळे दोघांतला फरक टिकून राहतो. तो फरक वेळेनुसार मांडला की प्रकाश-आलेख तयार! अल्गोलच्या आलेखातली खोल दरी तळाशी सपाट नसते, कारण तेजस्वी तारा कधीच पूर्ण झाकला जात नाही. दरीची रुंदी आणि खोली यांवरून, दुर्बिणीतही एकच ठिपका दिसणाऱ्या या दोन ताऱ्यांच्या आकारांचं प्रमाण काढता येतं.