सहाचे बारा : विजेच्या दाबाची एक लहानशी बखर

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण प्रथम होते. यंत्रांचा इतिहास कोणी सांगूं लागलाच, तर तो वाफेच्या एंजिनाचा किंवा विमानाचा असतो. परंतु गोठ्याशेजारीं पत्र्याच्या छपराखालीं उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरच्या बॅटरीलाही इतिहास आहे, आणि तो सोलापुरांत बसून वाचण्याजोगा आहे. असा ट्रॅक्टर पुष्कळदां सहा व्होल्टांचा असतो, आणि त्याचा मालक तो बारा व्होल्टांचा करूं पाहतो. हा बदल कां करावा लागतो, आणि तो करतांना काय टाकावें व काय राखावें, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

सहा हा आंकडा मुळांत आला कोठून? १८५९ सालीं गास्ताँ प्लाँते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाचे पत्रे गंधकाच्या तेजाबांत बुडवून, पुन्हा पुन्हा भरतां येईल अशी बॅटरी तयार केली. तिच्या एका खान्याचा दाब सुमारें दोन व्होल्ट असतो. असे तीन खाने जोडले म्हणजे सहा, आणि सहा जोडले म्हणजे बारा व्होल्ट होतात. १९१२ सालीं चार्ल्स केटरिंग यांनीं योजिलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारींत बसूं लागला, आणि हातानें हँडल मारण्याचे कष्ट व त्यांतील धोका टळला. पुढें अमेरिकेंत सहा व्होल्टांची पद्धति रूढ झाली. दोन दिवे, एक भोंगा, ठिणगीचें कॉइल आणि क्षणभर फिरणारा स्टार्टर एवढ्या संसारास तीन खाने पुरत असत. १९३९ सालीं हेन्री फोर्ड व हॅरी फर्ग्युसन यांच्या सहकार्यांतून निघालेला '९एन' ट्रॅक्टर आणि १९४७ ते १९५२ पर्यंत निघालेला '८एन' हे दोन्ही सहा व्होल्टांचेच होते. मधल्या युद्धकाळांत, १९४२ सालीं, '२एन' निघाला. त्यांतील कित्येकांस तर टंचाईमुळें बॅटरीच नव्हती. लोखंडी चाकें आणि मॅग्नेटो यांवर त्यांनीं दिवस काढले.

सोलापूरकरांस हा काळ अगदींच परका नाहीं. येथेंच १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें मुंबईस मोटारी जोडण्याचें काम सुरू केलें. त्या वेळच्या क्रायस्लर मोटारी सहा व्होल्टांच्याच असत. १९५३ ते १९५६ ह्या अवधींत अमेरिकेंतील मोठ्या कारखान्यांनीं बारा व्होल्टांची पद्धति स्वीकारली, कारण नवीन एंजिनें अधिक दाबाचीं व फिरविण्यास जड होतीं, आणि गाडींतील विजेचीं उपकरणेंही वाढलीं होतीं. आमच्या देशांत ट्रॅक्टर तयार होऊं लागले ते ह्यानंतर. १९५९ सालीं फरीदाबादेस आयशरचा ट्रॅक्टर निघाला, आणि १९६३ सालीं मुंबईस इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया निघाली. म्हणजे त्यापूर्वींचा जो ट्रॅक्टर आज एखाद्या वाड्यांत उभा दिसतो, तो परदेशांतून आलेला असतो. त्याचें एंजिन कित्येकदां शाबूत असतें. अडतें तें बॅटरीवांचून. बारा व्होल्टांची बॅटरी तालुक्याच्या गांवीं सहज मिळते, परंतु सहा व्होल्टांची मोठी बॅटरी शोधीत हिंडावें लागतें. अशा क्षुल्लक कारणानें चांगलें यंत्र भंगाराच्या वजनानें विकलें जातें, ही गोष्ट आम्हांस खेदाची वाटते.

बारा व्होल्ट केल्यानें ट्रॅक्टरची नांगर ओढण्याची ताकद वाढते असा एक समज आहे. तो खोटा आहे. नांगर एंजिन ओढतें, बॅटरी नव्हे. लाभ निराळाच आहे. साठ वॅटांच्या दिव्यांस सहा व्होल्टांवर दहा अँपिअर प्रवाह लागतो. बारा व्होल्टांवर तेवढ्याच वॅटांच्या दिव्यांस पांच पुरतो. प्रवाह निम्मा झाला म्हणजे तारेंत उष्णतेच्या रूपानें वायां जाणारी शक्ति चतुर्थांश होते. जुन्या, गंजलेल्या तारेंत सहापैकीं अर्धा व्होल्ट गळत असेल, तर बारावा हिस्सा गेला. त्याच तारेंतून निम्मा प्रवाह नेला तर पाव व्होल्ट गळेल, आणि तो बाराचा अवघा अठ्ठेचाळिसावा हिस्सा होय. रात्रीच्या नांगरटीला दिवा पिवळा कां पडत होता, ह्याचें उत्तर ह्या हिशेबांत आहे.

थंड देशांत ह्या बदलाचें मुख्य कारण हिंवाळा सांगतात, कारण तेथें तेल गोठून एंजिन जड होतें. सोलापुरास हें कारण लागू पडत नाहीं. येथें वैशाखांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. बॅटरींतील पाणी आटतें आणि तिचें आयुष्य घटतें. बॅटरी वरचेवर बदलावी लागणाऱ्या प्रदेशांत, जी सहज मिळते तीच पत्करणें शहाणपणाचें आहे. तथापि जुन्या वस्तूंच्या चाहत्यांचा एक आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. सहा व्होल्टांवर येणारा दोष पुष्कळदां दाबाचा नसून जोडांचा असतो. आधीं जोड घासून स्वच्छ करावे, अर्थ नीट करावा, जाड तारा घालाव्या, आणि मग काय तो निर्णय घ्यावा.

बदलावयाचें ठरलेंच, तर अर्धवट बदलूं नये. सहा व्होल्टांचा दिवा बारावर लावला तर तो क्षणांत जळतो, म्हणून दिवे व भोंगा बदलणें प्राप्त आहे. कॉइल बाराचें घ्यावें किंवा जुन्यापुढें योग्य रोध घालावा. डायनॅमोच्या जागीं बाराचा डायनॅमो अथवा आल्टरनेटर येतो. ह्या फोर्ड ट्रॅक्टरांत बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे. आल्टरनेटर बसवितांना बहुधा ऋण टोक जोडावें लागतें, आणि येथें चूक झाली तर आंतील डायोड जळतात. ॲमीटर राहूं द्यावा, फक्त त्याच्या तारांची अदलाबदल करावी. स्टार्टरही तोच राहतो. त्याच्या दोन्ही गुंडाळ्यांतील प्रवाह एकदमच उलटत असल्यामुळें त्याची फिरण्याची दिशा बदलत नाहीं. मात्र तो जोरानें फिरतो, म्हणून बटण फार वेळ दाबून धरूं नये. काढलेले भाग पेटींत जपून ठेवावे. पुढील पिढीस यंत्र मूळ रूपांत पाहावेंसें वाटलें तर ती वाट बंद होऊं नये.

हाच न्याय मुंबईच्या रेल्वेनें मोठ्या प्रमाणावर अनुभविला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी देशांतील पहिली विजेची गाडी धांवली, ती १,५०० व्होल्टांवर. पुढें गाड्यांचा भार वाढला आणि २५,००० व्होल्टांची पद्धति पत्करावी लागली. तो बदल पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर २०१२ सालीं, आणि मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर २०१६ सालीं पुरा झाला. गाड्या एक दिवसही बंद ठेवतां येत नव्हत्या, म्हणून दोन्ही दाबांवर चालणारीं एंजिनें व गाड्या ठेवाव्या लागल्या. जुन्या पुलांखालीं उंच दाबाच्या तारेस पुरेसें अंतर मिळावें म्हणूनही खटपट करावी लागली. जें जुन्या दाबाचें मागें राहतें, तें एक तर बदलावें लागतें किंवा सांभाळावें लागतें. ट्रॅक्टरच्या दिव्यास व कॉइलास लागू असलेला नियम तो हाच.

आणि सोलापुरानेंही हा धडा आपल्या आकाशांत पाहिला आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टांची वाहिनी सुरू झाली, आणि दक्षिणेचें वीजजाळें उर्वरित देशाच्या जाळ्याशीं एका तालांत जोडलें गेलें. एवढा प्रचंड दाब कशासाठीं? दूर अंतरावर तीच शक्ति थोड्या प्रवाहानें, थोड्या नुकसानानें न्यावी, एवढ्याचसाठीं. त्या उंच मनोऱ्यांच्या सावलींत एखादा जुना ट्रॅक्टर बारा व्होल्टांवर सुरू होत असेल, तर दोहोंमागें गणित एकच आहे. तें ज्यास उमगलें, तो जुनें यंत्र भंगारांत घालण्यापूर्वीं क्षणभर थांबेल, आणि बदल करील तोही बेतानें करील, अशी आमची आशा आहे.