कचरा कोणाच्या मालकीचा? : चेरीताल ते कठौंदा

जबलपूर हे तलावांचे शहर. 'बावन ताल, चौऱ्याऐंशी तलैया' अशी त्याची ख्याती. राणी दुर्गावतीच्या नावे राणीताल, तिचा दिवाण आधारसिंह याच्या नावे आधारताल आणि तिच्या दासीच्या, म्हणजे चेरीच्या नावे चेरीताल, असे परंपरा सांगते. राणीला वीरमरण आले १५६४ साली. आज चेरीताल म्हटले की दाट वस्तीच डोळ्यांसमोर येते. अशा वस्तीतला घरोघरचा कचरा कोण उचलतो, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. प्रशासनाला मात्र त्याच्या पुढचे दोन प्रश्न सोडवावे लागतात. उचललेला कचरा कोणाच्या मालकीचा? आणि कंत्राटदाराला पैसे नेमके कशाचे द्यायचे?

नागपूर आणि जबलपूर या दोन्ही शहरांत नगरपालिका आली ती एकाच वर्षी, १८६४ मध्ये. पुढे दोन्हींसाठी महानगरपालिकेचे कायदेही जोडीनेच, १९४८ चे झाले. या दीर्घ काळात व्यवस्था साधी होती. घरातला कचरा कोपऱ्यावरच्या कुंडीत टाकला की नागरिकाची जबाबदारी संपे, आणि पगारी सफाई कामगार तो गावाबाहेर नेत. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींच्याच माथी राहिले, हेही नमूद केले पाहिजे. रद्दी, बाटल्या, पत्र्याचे डबे मात्र कुंडीपर्यंत पोचतच नसत. ते भंगारवाला विकत नेई. म्हणजे पुनर्वापराची साखळी होती, पण सरकारी दप्तरात तिची नोंद नव्हती.

कचऱ्यातही मूल्य असते, हा विचार या प्रदेशाला नवा नव्हता. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१७ साली जबलपूरच्या नगरपालिकेसाठी अहवाल लिहिला. पुढे इंदूर येथे त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीलाच स्वच्छतेच्या मोहिमेचे रूप दिले. त्याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली आणि १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. तरीही नगरपालिकांच्या लेखी कचरा म्हणजे 'हटविण्याची वस्तू' एवढेच राहिले.

हे चित्र बदलले ते न्यायालयामुळे. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि तिच्या परिणामी २००० साली घनकचऱ्याचे नियम आले. घरोघरी संकलन आणि वर्गीकरण हे पालिकांचे कर्तव्य ठरले. मनुष्यबळ व वाहने अपुरी असलेल्या पालिका साहजिकच निविदांकडे वळल्या. अनेक शहरांत मोबदला टनावर ठरला. टनावर पैसे म्हटले की ओला, सुका, माती, राडारोडा सारेच काट्यावर सारखे. वेगळा करून दिलेला कचराही गाडीत एकत्र झाला, तर कंत्राटदाराचे काहीच बिघडत नाही. गृहिणीची मेहनत तेवढी वाया जाते.

जबलपूरने कठौंदा येथे खाजगी सहभागातून कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प उभारला. २०१६ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची क्षमता दररोज ६०० टन कचरा आणि ११.५ मेगावॉट वीज अशी होती. उकिरड्याच्या डोंगरापेक्षा हा मार्ग बरा, यात शंका नाही. पण भट्टीचीही एक भूक असते. ओल्या भाजीपाल्याने ती मंदावते. कागद आणि प्लास्टिकने ती पेटते. भंगारवाल्याला हवे असते तेही नेमके हेच. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी, ज्याचा पुनर्वापर होऊ शकत नाही असाच ज्वलनशील कचरा ऊर्जेसाठी वापरावा, असे म्हटले होते. हा क्रम करारात उतरला नाही, तर नियम कागदावरच राहतो.

पुण्यात वेगळी वाट निघाली. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. घरोघरी कचरा घ्यायचा, कुटुंबाकडून मासिक शुल्क घ्यायचे आणि सुका माल विकून येणारे पैसे कचरावेचकानेच ठेवायचे. वर्गीकरण केले तर कमाई वाढते. त्यासाठी वेगळा निरीक्षक नेमावा लागत नाही. या व्यवस्थेलाही अडचणी आल्या, कराराच्या नूतनीकरणासाठी वारंवार झगडावे लागले. परंतु मालकीच्या प्रश्नाचे उत्तर तिने स्पष्ट दिले.

सारांश, निविदेचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याने तीन गोष्टी आधी लिहाव्यात: मोबदला वर्गीकृत कचऱ्यावर, सुक्या मालावर पहिला हक्क तो वेचणाऱ्याचा, आणि प्रकल्पाला कचरा पुरविण्याची हमी उरलेल्या मालापुरतीच. वाहनांची संख्या आणि मार्ग त्यानंतर ठरवता येतात. एकदा वीस-वीस वर्षांचे करार झाले की या तीन ओळी मागाहून घालता येत नाहीत.