मतांचा कोटा आणि बाबासाहेबांचा घटना समितीतील प्रवेश

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ‘येभुय्यसिका’ नावाचा विधी सांगितला आहे. संघातील वाद अन्य मार्गाने मिटेनासा झाला, म्हणजे शलाका वाटून मते घ्यावीत व बहुसंख्येचा निर्णय मानावा, असा त्याचा आशय. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीपुढे केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या या सभानियमांचा गौरवाने उल्लेख केला होता. परंतु प्रश्नाचा निर्णय करणे वेगळे आणि प्रतिनिधी निवडणे वेगळे. प्रतिनिधीही निव्वळ बहुमताने निवडले, तर अल्पसंख्यांना सभागृहाचे दार कायमचे बंद होते. या अडचणीवरील एक उपाय म्हणजे मतांचा कोटा. स्वतः बाबासाहेब 1946 साली याच दाराने घटना समितीत गेले. त्यामुळे कोट्याचे गणित समजून घेणे हा आपल्या इतिहासाच्या अभ्यासाचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या एकल संक्रमणीय मतपद्धतीत मतदाराला मत एकच असते. मात्र तो उमेदवारांना 1, 2, 3 असा पसंतिक्रम देतो. निवडून येण्यासाठी लागणारी किमान मतसंख्या म्हणजे कोटा. इंग्लंडमधील कायदेपंडित टॉमस हेअर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एकूण मतांना जागांच्या संख्येने भागण्याचे सूत्र मांडले. पुढे 1868 मध्ये हेन्री ड्रूप यांनी त्यात सुधारणा केली. जागांच्या संख्येत एक मिळवावा, त्या संख्येने वैध मतांना भागावे, अपूर्णांक सोडावा आणि भागाकारात एक मिळवावा. या कोट्याचा गुण असा, की जितक्या जागा तितकेच उमेदवार तो गाठू शकतात, त्याहून एकही अधिक नाही. विजयी उमेदवाराची कोट्यावरील जादा मते पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. सर्वांत कमी मते मिळालेला उमेदवार बाद होतो व त्याचीही मते पुढे सरकतात.

16 मे 1946 च्या कॅबिनेट मिशन योजनेनुसार घटना समितीचे सदस्य प्रांतिक विधानसभांच्या सदस्यांनी याच पद्धतीने निवडावयाचे होते. मतदारांचे सर्वसाधारण, मुस्लिम व शीख असे तीन वर्ग होते. मुंबई विधानसभेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा एकही सदस्य नव्हता. त्यामुळे तेथून बाबासाहेबांना मार्ग नव्हता. बंगालमध्ये फेडरेशनचे जोगेंद्रनाथ मंडल एकटेच निवडून आले होते. मग एका सदस्याच्या बळावर हे कसे घडले?

उत्तर कोट्यात आहे. बंगालला एकूण 60 जागा होत्या. त्यांपैकी 33 मुस्लिम व 27 सर्वसाधारण. समजुतीसाठी सर्वसाधारण वर्गातील शंभर सदस्यांनी मतदान केले असे धरू. शंभराला 28 ने भागले, की तीन पूर्णांक व काही अंश येतात. अंश सोडून एक मिळविला, की कोटा चार. म्हणजे मंडलांना आणखी मूठभर सदस्य जोडावयाचे होते. अनुसूचित जातींच्या काही सदस्यांनी काँग्रेसचा विरोध पत्करून ती साथ दिली आणि बाबासाहेब विजयी झाले.

येथे एका रूढ समजुतीचा विचार करणे प्राप्त आहे. बाबासाहेब ‘जेस्सोर-खुलना मतदारसंघातून’ निवडून आले व तो भाग पाकिस्तानात गेल्याने त्यांचे सदस्यत्व गेले, असे आपल्या अनेक भाषणांत व पुस्तकांत सांगितले जाते. वस्तुतः या निवडणुकीत जिल्हावार मतदारसंघच नव्हते. मतदार होते ते संपूर्ण बंगाल विधानसभेचे सदस्य. सदस्यत्व गेले ते 3 जून 1947 च्या योजनेमुळे. बंगालची फाळणी ठरताच 60 जागा पूर्व बंगालला 41 व पश्चिम बंगालला 19 अशा विभागून नव्याने निवडणूक घेण्यात आली. रॅडक्लिफ निवाडा प्रसिद्ध झाला तो 17 ऑगस्ट 1947 रोजी. तोवर बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले होते आणि स्वतंत्र भारताचे कायदेमंत्रीही झाले होते. खुलना कोणत्या देशात जाणार, याचा त्यांच्या सदस्यत्वाशी संबंध नव्हता.

मुंबईची ती निवडणूकही कोट्याच्या दृष्टीने बोलकी आहे. बॅ. मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने एकच जागा रिकामी झाली होती. जागा एक असली, की भाजक दोन होतो आणि कोटा म्हणजे निम्म्याहून अधिक मते. तेथे मूठभरांचे बळ पुरत नाही. बहुमतवाल्या काँग्रेसचा पाठिंबा आवश्यक ठरला. राजेंद्रप्रसादांनी 30 जून 1947 रोजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांना पत्र लिहून बाबासाहेबांना निवडून आणण्यास सांगितले, त्याचे कारण हेच. पद्धत एक, परंतु 27 जागांसाठी ती अल्पसंख्यांचे संरक्षण करते, एका जागेसाठी बहुसंख्यांच्या हाती जाते.

राज्यसभेची निवडणूक आजही याच सूत्राने होते. म्हणून आम्ही नम्रपणे सुचवितो, की कृतज्ञता व्यक्त करताना ती योग्य ठिकाणी पोचावी. बाबासाहेबांना घटना समितीत धाडले ते कोणा जिल्ह्याने नव्हे. जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगाल विधानसभेतील त्या मूठभर सदस्यांनी. त्यांचे ऋण मोठे आहे. अचूक इतिहास सांगितल्याने ते कमी होत नाही, उलट अधिक स्पष्ट होते.