उपग्रह म्हणतात पृथ्वी तापत नाही? त्या व्हायरल ग्राफमागचं खरं काय, समजून घ्या

आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी एक ग्राफ टाकला. उपग्रहाने मोजलेलं तापमान, १९९८ ते २०१४, आणि रेषा जवळजवळ आडवी. खाली लिहिलेलं: "ग्लोबल वॉर्मिंग थांबलंय, कोणी सांगणार नाही!" मी वाचलं आणि लगेच रिप्लाय ठोकला, "काका, फेक आहे हे."

रात्री शोधायला बसलो तर कळलं, आकडे खरे होते. फेक म्हणणारा मीच चुकलो होतो. मग ग्राफ गंडलाय कुठे? तेच आज पाहू.

उपग्रह तापमान मोजतो कसं?

उपग्रहाला थर्मामीटर लावलेला नसतो. हवेतला ऑक्सिजन सतत सूक्ष्मलहरी म्हणजे मायक्रोवेव्ह बाहेर टाकतो. हवा जितकी गरम, तितक्या या लहरी जोरदार. उपग्रहावरचा सेन्सर ५० ते ६० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्या पकडतो (तुमचं वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालतं) आणि त्यावरून गणित करून तापमान काढलं जातं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हे जमिनीचं नाही, वरच्या हवेच्या जाड थराचं तापमान आहे. दोन, हा आकडा थेट मोजलेला नसतो, हिशेब करून काढलेला असतो. आणि हिशेब म्हटला की चूक होऊ शकते.

वाद सुरू कुठे झाला?

ही नोंद १९७८ च्या शेवटी सुरू झाली. १९९० मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सव्हिल केंद्रातले जॉन क्रिस्टी आणि नासाचे रॉय स्पेन्सर यांनी पहिल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला. त्यात वाढ अशी दिसतच नव्हती. जमिनीवरचे थर्मामीटर मात्र वाढ दाखवत होते. मग खरं कोण? तापमानवाढीवर शंका घेणाऱ्यांना मोठा मुद्दा मिळाला, आणि तो मुद्दा काही फालतू नव्हता.

मग चूक सापडली, तीही दोनदा

पहिली १९९८ मध्ये. रिमोट सेन्सिंग सिस्टिम्स या संस्थेच्या फ्रँक वेंट्झ आणि मथायस शाबेल यांनी दाखवलं की हवेच्या अगदी बारीक घर्षणाने उपग्रह हळूहळू खाली येतात. त्यामुळे सेन्सरचा बघण्याचा कोन बदलतो आणि हिशेबात खोटी थंडी शिरते.

दुसरी २००५ मध्ये. उपग्रहाने एखाद्या जागेवरून रोज ठरलेल्या वेळी जायला हवं, पण वर्षांमागून वर्षं ती वेळ सरकते. समजा, तुम्ही पहिल्या वर्षी खोलीचं तापमान दुपारी २ ला मोजलंत आणि काही वर्षांनी संध्याकाळी ६ ला मोजू लागलात. खोली थंड झाली असंच वाटणार ना? अलाबामाच्या टीमने यासाठी दुरुस्ती केली होती, पण त्यात चिन्हच उलटं पडलं होतं! कार्ल मिअर्स आणि वेंट्झ यांनी ते दाखवलं. क्रिस्टी आणि स्पेन्सर यांनी चूक मान्य केली, आणि त्यांचा आकडा दर दशकाला सुमारे ०.०९ वरून ०.१२ अंश सेल्सिअसवर गेला. आज त्याच टीमच्या नोंदीत तो ०.१५ च्या आसपास आहे. म्हणजे सर्वात जास्त शंका घेणाऱ्या टीमचे आकडेही आता वाढच दाखवतात.

आणि थर्मामीटरवाले?

"शहरं गरम झाली, म्हणून थर्मामीटर जास्त दाखवतात" हा दुसरा आक्षेप. कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांनाही अशीच शंका होती. त्यांनी टीम जमवली आणि जगभरातल्या हजारो केंद्रांच्या नोंदी नव्याने तपासल्या. पैशांचा काही भाग तेलाच्या धंद्यातल्या चार्ल्स कोक यांच्या फाउंडेशनचा होता. निकाल? २५० वर्षांत जमिनीचं तापमान सुमारे दीड अंशाने वाढलंय, आणि शहरांमुळे त्यात खास फरक पडत नाही. २०१२ मध्ये मुलर यांनी आपलं मत बदलल्याचं जाहीर लिहिलं.

"सूर्यामुळे होतंय" म्हणणाऱ्यांसाठी

सूर्य जास्त तापला असता तर खालचं तपांबर आणि वरचं स्थितांबर, दोन्ही गरम झाले असते. मोजमापात मात्र खालचा थर तापलाय आणि वरचा थंड झालाय. वरच्या थंडीला ओझोन कमी होणंही कारणीभूत आहे, पण कार्बन डायऑक्साइड वाढला की नेमकं असंच व्हायला हवं. १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ केंद्रात मोजणी सुरू झाली तेव्हा हा वायू हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता. आज तो ४२० च्या वर आहे.

मग काकांच्या ग्राफमध्ये गडबड काय?

सुरुवातीचं वर्ष! १९९८ ला जबरदस्त एल निनो होता, त्यामुळे ते वर्ष फारच गरम गेलं. एखाद्या बॅट्समनचा फॉर्म त्याच्या डबल सेंच्युरीपासून मोजायला घेतला, तर पुढे तो 'घसरला' असंच दिसणार. सुरुवात १९७९ पासून करा, रेषा लगेच वर चढते. २०१४ नंतरची वर्षं जोडा, अजून चढते.

असा ग्राफ आला तर हे तपासा

१. सुरुवात आणि शेवट कोणत्या वर्षी आहे? त्याच वर्षी का?
२. तापमान कशाचं: जमिनीचं, समुद्राचं की वरच्या हवेचं?
३. आकडे जुन्या आवृत्तीचे आहेत की दुरुस्त केलेले?
४. वेगळ्या पद्धतीने मोजणारे काय सांगतात?

वाद पूर्ण संपलाय असंही नाही. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी नेमकी किती तापेल, यावर अजून चर्चा चालू आहे. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात शक्यता २.५ ते ४ अंश दिली आहे. पण 'तापतेय की नाही' हा प्रश्न आता उरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, "काका, सॉरी. तुमचे आकडे खरे होते, फक्त सुरुवात चुकीच्या वर्षापासून केली होती." सोबत १९७९ पासूनचा ग्राफ टाकला. काकांचा रिप्लाय आला, "हा कुठून काढलास? लिंक पाठव."

फेक म्हणून मोकळा झालो असतो, तर ही लिंक त्यांनी कधीच मागितली नसती. तुमच्या ग्रुपवर असा कुठला ग्राफ फिरतोय? कमेंटमध्ये नक्की सांगा.