लेकींची वंशावळ

आदिलाबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या अनेक घरांत वंशावळ जपलेली असते. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, नातू, पणतू. लेकींची नावे तीत बहुधा नसतात. मुलांच्या एका आजाराचा माग मात्र याच गाळलेल्या नावांतून काढावा लागतो.

चांगला चालणारा मुलगा तीन-चार वर्षांचा होतो आणि वारंवार पडू लागतो. उठताना मांड्यांवर हात टेकतो. पोटऱ्या भरलेल्या दिसतात, पण त्यांत जोर नसतो. दहा-बारा वर्षांच्या सुमारास चालणे थांबते. पुढे पाठीचे स्नायू दुबळे होऊन कणा एका बाजूस वाकतो. मग कोणी अष्टावक्राची गोष्ट काढतो. त्या गोष्टीत गर्भाला शाप दिला तो बापाने. तरी आपल्याकडे बोट आईकडेच जाते.

लंडनचे डॉक्टर एडवर्ड मेरियन यांनी १८५१ साली अशा मुलांची हकिकत वैद्यकसभेपुढे मांडली. एकाच घरात भाऊ आजारी, बहिणी धडधाकट, हे त्यांनी टिपले होते. आजाराला नाव मात्र फ्रान्सच्या द्युशेन यांचे मिळाले. १९८६ साली अमेरिकेत लुई कुंकेल यांच्या गटाने एक्स गुणसूत्रावरचे संबंधित जनुक शोधले. त्यापासून बनणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन पुढच्या वर्षी ओळखले गेले. ते नसले की स्नायूंच्या पेशी झिजत जातात.

मुलाला एक्स गुणसूत्र एकच, तेही आईकडून. आईजवळ दुसरे असल्याने ती बहुधा ठणठणीत असते. आपण काय वाहतो आहोत हे तिला ठाऊकही नसते. सुमारे एक-तृतीयांश मुलांत तर बिघाड नव्यानेच होतो, आईत तो नसतोच. तिला बोल कसला लावायचा?

प्रत्येक वाकड्या कण्यामागे हाच आजार असतो असे नाही. वयात येताना वाकणाऱ्या बहुतेक कण्यांचे कोणतेही एक जनुक सापडलेले नाही.

स्नायूंच्या या आजाराची शंका आली की डॉक्टर मामांविषयी आणि मावशीच्या मुलांविषयी विचारतात. १९५६ साली राजुरा आणि किनवट आपल्या जिल्ह्यातून निघाले. कित्येकींचे माहेर सीमेपलीकडे राहिले. तिकडच्या आज्यांना विचारावे, लहानपणी गेलेल्या मुलांचीही नोंद करावी आणि वंशावळीत लेकींची नावे लिहावीत. एखाद्या नातीला वेळीच तपासणी करून घेता येईल.